घाटात जोर, पंपावर काटकसर

मे २०२५मध्ये टाटा मोटर्सने आल्ट्रोझचं नवं रूप बाजारात आणलं आणि त्यात दीड लिटरचं डिझेल इंजिन कायम ठेवलं. त्यामुळेच आपल्याकडे नवीकोरी डिझेल हॅचबॅक अजून विकत मिळते. बाकी सगळ्या कंपन्यांनी या वर्गातून काढता पाय घेतला आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी चित्र उलटं होतं. स्विफ्ट, रिट्झ, पुंटो, पोलो, फिगो, आय-ट्वेंटी, जॅझ, मायक्रा, फाबिया, लिवा, व्हिस्टा, बीट या सगळ्या गाड्या डिझेलमध्ये मिळत होत्या आणि डिझेल स्विफ्टसाठी लोक कित्येक महिने थांबत होते. यातल्या काही गाड्यांनी एक गोष्ट करून दाखवली, जी आपल्या मध्यमवर्गीय बाजारात त्याआधी जमली नव्हती. त्या पळवायला मजा यायची आणि महिन्याचं बजेटही कोलमडायचं नाही.

अशी गाडी आज बाळगावी का, हा प्रश्न मला अनेकजण विचारतात. कुणाकडे आठ वर्षांची पोलो असते आणि ती विकायचा मोह होत असतो. कुणाला जुन्या बाजारात चकचकीत स्विफ्ट दिसलेली असते. कुणी आल्ट्रोझच्या शोरूममध्ये डिझेल आणि सीएनजी यांच्यामध्ये अडकलेलं असतं. तिघांचं उत्तर एक नाही. पण ते शोधायचं तर या गाड्या मुळात कशा घडल्या आणि बाजारातून का गेल्या, तिथून सुरुवात करावी लागते.

डिझेल गाडीची गंमत तिच्या टॉर्कमध्ये आहे. जाहिरातीत ठळक छापतात ती पॉवर, पण घाटात गाडी वर खेचतो तो टॉर्क. मारुतीच्या १.२ लिटर पेट्रोल स्विफ्टचा टॉर्क ११४ न्यूटन मीटर होता आणि तोही इंजिन मिनिटाला ४,००० फेऱ्यांवर गेल्यावर मिळायचा. त्याच गाडीतलं १.३ लिटरचं डिझेल १९० न्यूटन मीटर द्यायचं, तेही २,००० फेऱ्यांवर. पॉवर मात्र पेट्रोलची जास्त होती. कागदावर पेट्रोल गाडी सरस दिसायची आणि खंबाटकीत चार माणसं, सामान आणि चालू एसी घेऊन चढताना डिझेल तिला मागे टाकायची. तिसऱ्या गियरवर पाय थोडा दाबला की गाडी न कुरकुरता पुढच्या ट्रकला ओलांडते, गियर खाली आणावा लागत नाही, हे ज्याने अनुभवलं त्याला पुन्हा छोट्या पेट्रोल गाडीत बसल्यावर काहीतरी हरवल्यासारखं वाटतं.

काटकसरीचं कारणही याच इंजिनाच्या पोटात आहे. डिझेल इंजिन हवा खूप जास्त दाबतं. पेट्रोल इंजिनात दाबाचं प्रमाण साधारण दहा-अकरास एक असतं, डिझेलमध्ये सोळा ते अठरास एक. त्यामुळे जळलेल्या इंधनातून जास्त काम निघतं. शिवाय एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के ऊर्जा जास्त असते. या दोन्हींची बेरीज म्हणजे आपण ज्याला अ‍ॅव्हरेज म्हणतो ते.

हे गुण डिझेलमध्ये पहिल्यापासून होते. तरीही जुनी डिझेल गाडी धुराडी, खडखडाट करणारी आणि सुस्त असायची. डिसेंबर १९९८मध्ये आलेली पहिली डिझेल इंडिका आठवा. १.४ लिटरचं विनाटर्बो इंजिन, पन्नासच्या आसपास अश्वशक्ती. भरपूर माणसं आणि भरपूर अ‍ॅव्हरेज या बळावर तिने टॅक्सीचालकांची आणि एकत्र कुटुंबांची मनं जिंकली, पण कुणी ती हौसेने पळवायला काढली असेल असं वाटत नाही. बदल घडवला तो टर्बो आणि कॉमन रेल या जोडीने. कॉमन रेलमध्ये इंधन एका सामायिक नळीत प्रचंड दाबाखाली साठवलेलं असतं आणि संगणकाच्या हुकमानुसार प्रत्येक इंजेक्टर ते मोजून फवारतो. या तंत्राचा मोठा विकास इटलीत फियाटच्या गोटात झाला. पुढे ते बॉशकडे गेलं आणि १९९७मध्ये आल्फा रोमिओ १५६ या गाडीतून पहिल्यांदा प्रवासी गाडीत आलं. एकाच स्फोटासाठी इंधन एकदम न ओतता अनेक छोट्या फवाऱ्यांत विभागून द्यायचं, ही पुढची पायरी. त्यामुळे खडखडाट घटला, धूर घटला आणि इंजिन खालच्या फेऱ्यांवरही खेचू लागलं.

युरोपने या इंजिनांचा हौसेसाठी वापर आपल्याआधी केला. फोक्सवॅगनने १९८२मध्येच गोल्फची जीटीडी काढली होती. पण खरा मासला म्हणजे २००३ची स्कोडा फाबिया आरएस. १.९ लिटरचं टीडीआय इंजिन, १३० अश्वशक्ती, ३१० न्यूटन मीटर. एवढ्याशा गाडीत एवढा टॉर्क घातल्यावर ती मोठमोठ्या गाड्यांना हायवेवर मागे टाकायची आणि रोजच्या वापरात इंधनही बेताने प्यायची. चालवण्याची हौस म्हणजे पेट्रोल, हे समीकरण त्या गाडीने मोडलं.

आपल्याकडे ते समीकरण मोडलं फियाटच्या १.३ लिटर मल्टिजेटने. १,२४८ सीसीचं हे छोटंसं इंजिन २००३मध्ये आलं आणि २००५मध्ये आपल्या गटात इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर ठरलं. जानेवारी २००७मध्ये मारुतीने ते परवान्यावर घेऊन डीडीआयएस नावाने स्विफ्टमध्ये बसवलं. पुढे डिझायर, रिट्झ, एर्टिगा, व्हिस्टा, मांझा, शेवरोले सेल अशा कितीतरी गाड्यांत ते गेलं. लोक त्याला देशाचं राष्ट्रीय इंजिन म्हणायचे ते उगाच नव्हे. मारुतीसाठी ते हरियाणात मानेसरला बनायचं आणि फियाट-टाटांसाठी पुण्याजवळ रांजणगावला. ज्या फियाटच्या परवान्यावर कुर्ल्यात एकेकाळी पद्मिनी बनायची, तिचं भारतातलं सर्वांत मोठं योगदान कुठली गाडी नसून हे इंजिन आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

याच इंजिनाचे दोन स्वभाव होते आणि दोन्ही समजून घेण्यासारखे आहेत. स्विफ्टमध्ये साधा टर्बो, ७५ अश्वशक्ती. गाडी हलकी, स्टिअरिंग चपळ. २०१८ची शेवटची डिझेल स्विफ्ट तर वजनाने टनाच्या आत होती आणि एआरएआय या वाहनचाचणी संस्थेच्या चाचणीत तिने लिटरला २८.४ किलोमीटर दिले होते. खरोखरच्या रस्त्यावर वीस-बावीस मिळाले तरी त्या गाडीचा मालक खूश असतो. तिचा दोष एकच, पण रोजचा. १,८०० फेऱ्यांच्या खाली इंजिन जवळजवळ झोपलेलं असतं आणि टर्बो जागा झाला की एकदम उडी घेतं. गर्दीत दुसऱ्या गियरवर रांगताना हा टर्बो लॅग वैताग आणतो. नवशिक्या माणसाकडून चढावर गाडी बंद पडते ती त्यामुळेच. दुसरा स्वभाव पुंटोचा. २०१०मध्ये आलेल्या ९० एचपी पुंटोत याच इंजिनाला बदलत्या पात्यांचा टर्बो बसवला होता. ९३ अश्वशक्ती, २०९ न्यूटन मीटर. गाडी स्विफ्टपेक्षा बरीच जड, त्यामुळे शून्यातून उठायला ती आळशीच. पण वेग घेतल्यावर ती रस्त्याला जी चिकटते, खड्ड्यांवरून जी निर्धास्त जाते आणि तिचं हायड्रॉलिक स्टिअरिंग रस्त्याची जी खबर हाताला देतं, ते आजच्या इलेक्ट्रिक स्टिअरिंगच्या गाड्यांत शोधून सापडत नाही. कोकणात उतरणाऱ्या घाटांसाठी त्या किमतीत त्याहून चांगली गाडी आपल्याकडे बनली नाही.

आणि मग चाकणची पोलो. फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना मार्च २००९मध्ये सुरू झाला आणि पोलो २०१०मध्ये आली. सुरुवातीचं तीन सिलिंडरचं १.२ डिझेल थरथरणारं आणि अशक्त होतं. त्या गाडीची शिफारस मी आजही करत नाही. पण २०१३मध्ये आलेली जीटी टीडीआय वेगळीच होती. १.६ लिटर, १०५ अश्वशक्ती, २५० न्यूटन मीटर. किंमत आठ लाखांच्या आसपास, तेव्हाच्या हॅचबॅकसाठी डोळे विस्फारावेत अशी. पण शंभरचा वेग सुमारे दहा सेकंदांत गाठणारी आणि हायवेवर शांतपणे चालवली तर लिटरला वीसच्या आसपास देणारी गाडी त्या किमतीत दुसरी नव्हती. २०१४मध्ये १.६च्या जागी १.५ लिटरचं इंजिन आलं आणि नंतर त्याची ताकद ११० अश्वशक्ती झाली. इंजिन छोटं करण्यामागे तंत्रापेक्षा कर जास्त होता. २००६च्या अर्थसंकल्पापासून आपल्याकडे छोट्या गाडीची व्याख्या ठरली आहे. लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत आणि डिझेल १,५०० सीसीपर्यंत असेल तर कर कमी. दीड लिटरच्या मर्यादेत बसणारं एवढं ताकदवान डिझेल चार मीटरच्या गाडीत टाकता आलं, ते या व्याख्येमुळे. सप्टेंबर २०२५पासून अशा गाड्यांवर जीएसटी १८ टक्के झाला आहे, त्याचा आधारही हीच व्याख्या आहे.

याच मर्यादेत फोर्डने २०१५मध्ये नवी फिगो बसवली. दीड लिटर, १०० अश्वशक्ती, २१५ न्यूटन मीटर, हलकी बॉडी. दिसायला अगदी साधी, घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हातात शोभावी अशी, पण चालवायला पोलोच्या तोडीस तोड. एआरएआयचा आकडा २५.८३ होता, म्हणजे पोलोपेक्षा बराच वरचा. तिचं दुर्दैव असं, की सप्टेंबर २०२१मध्ये फोर्डने भारतातलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं आणि गाडीची खरी किंमत लोकांना कळेपर्यंत तिच्या मागची कंपनी उरली नव्हती. ह्युंदाईची आय-ट्वेंटी आतून सगळ्यांत सजलेली आणि सहा गियरची, पण जुन्या पिढ्यांचं स्टिअरिंग हलकं, कोरडं. होंडा जॅझचं डिझेल अ‍ॅव्हरेजला उत्तम, स्वभावाने मवाळ. तिला या यादीत मी आदराने ठेवतो, उत्साहाने नाही.

या गाड्यांची चलती इंजिनांच्या गुणामुळे होती, तशीच सरकारी धोरणामुळेही. जून २०१०मध्ये पेट्रोलचे दर सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले, डिझेलचे मात्र बांधलेलेच राहिले. मे २०१२मध्ये मुंबईत पेट्रोल ७८ रुपयांच्या पुढे गेलं तेव्हा डिझेल ४५ रुपये होतं. शेतकऱ्याचा पंप, एसटी आणि ट्रक यांच्यासाठी स्वस्त ठेवलेलं डिझेल आपण शहरातले लोक चारचाकीत ओतत होतो, ही त्या सुखाची दुसरी बाजू होती आणि ती कबूल केली पाहिजे. जानेवारी २०१३पासून डिझेल दरमहा थोडंथोडं वाढवायला सुरुवात झाली आणि ऑक्टोबर २०१४मध्ये तेही नियंत्रणमुक्त झालं. तिथून छोट्या डिझेल गाडीचा उतार सुरू झाला.

पुढचा घाव प्रदूषणाच्या बाजूने आला आणि तो योग्यच होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२मध्ये डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरवला. सप्टेंबर २०१५मध्ये फोक्सवॅगनचं सॉफ्टवेअर प्रकरण अमेरिकेत उघड झालं. चाचणीच्या वेळी इंजिन सभ्य वागायचं आणि रस्त्यावर नायट्रोजनची ऑक्साइड्स मोकाट सोडायचं. भारतातही त्या कंपनीला त्याच कुळातल्या इंजिनांच्या तीन लाख तेवीस हजारांवर गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. एप्रिल २०२०मध्ये बीएस-६ मानक लागू झालं. डिझेल गाडीच्या धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइड्सची मर्यादा किलोमीटरला ०.२५ ग्रॅमवरून ०.०८वर आली आणि कणांची ०.०२५वरून ०.००४५वर. छोट्या गाडीत एवढी शुद्धीकरणाची यंत्रणा बसवायची तर तिची किंमत मोटारीच्या किमतीच्या मानाने फार होते. मारुतीने २०१९मध्येच डिझेल सोडण्याची घोषणा केली, फोक्सवॅगननेही इथलं डिझेल बंद केलं. एप्रिल २०२३मध्ये प्रत्यक्ष रस्त्यावरच्या धुराचे नियम आले आणि आय-ट्वेंटीचं डिझेल गेलं. राहिली आल्ट्रोझ.

आता हिशेब. २०२५मध्ये मुंबईत पेट्रोल १०४ आणि डिझेल ९०च्या आसपास राहिलं. पेट्रोल हॅचबॅकने प्रत्यक्षात १५ आणि डिझेलने २० किलोमीटर दिले असं धरू. पेट्रोलचा खर्च किलोमीटरला ६ रुपये ९३ पैसे, डिझेलचा साडेचार. फरक २ रुपये ४३ पैसे. हेच आकडे २०१२च्या दरांना लावले तर फरक येतो २ रुपये ९५ पैसे. म्हणजे रुपयांत पाहिलं तर बचत लोक समजतात तेवढी आटलेली नाही. आटलं आहे ते तिचं प्रमाण. तेव्हा डिझेलचा खर्च पेट्रोलच्या निम्म्याहून कमी होता, आज तो दोन तृतीयांश आहे, आणि रुपयाची किंमतही मधल्या काळात उतरली आहे.

नवी डिझेल गाडी तशाच पेट्रोल गाडीपेक्षा लाख-सव्वा लाखाने महाग पडते. त्यात महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या गाडीला पेट्रोलवर ११ टक्के तर डिझेलवर १३ टक्के रस्ताकर आहे. हा सगळा जादा पैसा वरच्या बचतीतून वसूल व्हायला पन्नास-साठ हजार किलोमीटर लागतात. वर्षाला वीस हजार चालवणाऱ्याचे ते अडीच-तीन वर्षांत फिटतात. घर-ऑफिस करून वर्षाला आठ हजार चालवणाऱ्याला सहा-सात वर्षं लागतात आणि त्याने डिझेलचा विचारच करू नये. निव्वळ पैशांची गोष्ट असेल तर सीएनजी आज डिझेललाही हरवतं. किलोला ऐंशी-नव्वद रुपये आणि पंचवीस किलोमीटर धरले तर खर्च साडेतीन रुपयांच्या आसपास येतो. त्यावर कर कमी, धूर कमी. पण सीएनजीची गाडी घाटात दमते आणि आडवाटेला पंप मिळत नाही. मिळाला तर रांग असते. पुणे-रत्नागिरी किंवा नाशिक-धुळे असा प्रवास वारंवार करणाऱ्याला हा फरक चांगला ठाऊक असतो. ज्याला फक्त स्वस्त प्रवास हवा आहे त्याने सीएनजी घ्यावी. ज्याला स्वस्त प्रवासात जोरही हवा आहे, त्याच्यासाठी डिझेलला अजून पर्याय नाही. टर्बो पेट्रोल गाड्या जोरदार आहेत, पण त्या जोराने चालवल्या की अ‍ॅव्हरेज दहा-बारावर येतं.

आल्ट्रोझला या वंशात कुठे बसवायचं? तिचं १.५ लिटरचं इंजिन मोठ्या भावंडाच्या, नेक्सॉनच्या, इंजिनाचंच मवाळ रूप आहे. तिथे २६० न्यूटन मीटर, इथे २०० आणि ९० अश्वशक्ती. आवाज थोडा जास्त, गियर पाचच. पोलोसारखं तिच्या अंगात येत नाही. पण तिचं सस्पेन्शन आणि वेगातली स्थिरता खरोखर चांगली आहे, मागच्या सीटवर माणसं नीट बसतात, डिकी ३४५ लिटरची आहे आणि २०२०मध्येच ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत तिने पाच तारे मिळवले होते. मागे उल्लेख केलेल्या बहुतेक गाड्यांना सुरक्षेच्या बाबतीत असा दाखला नाही आणि घरच्यांना घेऊन रात्रीचा प्रवास करणाऱ्या माणसाने याला जोरापेक्षा जास्त महत्त्व द्यावं. पुण्यात बनणारी ही गाडी चपळाईत दुसऱ्या क्रमांकाची असेल, रोजच्या संसारात ती पहिली आहे.

बीएस-६ डिझेल घेणाऱ्याने एक गोष्ट मात्र पक्की समजून घ्यावी, ती म्हणजे डीपीएफ. सायलेन्सरच्या वाटेवरची ही जाळी काजळी अडवते आणि ठरावीक साठली की इंजिन जादा इंधन देऊन, धूर सहाशे अंशांच्या आसपास तापवून ती जाळून टाकतं. यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटं एका लयीत, मोकळ्या रस्त्यावर चालावी लागते. कोथरूड ते डेक्कन आणि परत एवढंच रोज चालणाऱ्या गाडीत ही सफाई दरवेळी अर्धवट राहते. न जळलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं, ऑइलची पातळी वाढते, दिवा लागतो आणि गाडी जोर सोडते. दर आठवड्याला हायवेचा एक नीट फेरफटका होत असेल तर डीपीएफ वर्षानुवर्षं त्रास देत नाही. होत नसेल तर ही गाडी तुमची नव्हे.

काही गॅरेजवाले यावर उपाय म्हणून डीपीएफ किंवा ईजीआर (धुराचा काही भाग इंजिनात परत फिरवणारी यंत्रणा) काढून टाकायला सुचवतात, शिवाय संगणकाचा मॅप बदलून वीस-पंचवीस अश्वशक्ती वाढवून देतो म्हणतात. जाळी काढलेली गाडी आपल्या मागच्या स्कूटरवर बसलेल्या लहान मुलाच्या नाकात काजळी सोडते. ते कुणीही करू नये. मॅपचं म्हणाल तर या इंजिनांत ती ताकद दडलेली असते हे खरं आहे, पण क्लच, ड्युअल मास फ्लायव्हील आणि गियरबॉक्स ती पेलायला बनवलेले नसतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार गाडीत मूळ नोंदणीपेक्षा वेगळे बदल करण्यावर निर्बंध आहेत आणि अपघातानंतर विमा कंपनी तेच पुढे करते.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण खरा शौकीन तिकडेच वळतो. पुंटो, जीटी टीडीआय, फिगो आता तिथेच मिळणार. गाडी पाहायला सकाळी जा आणि इंजिन आधी तापवून ठेवू नका असं सांगा. थंड इंजिन एका झटक्यात सुरू व्हायला हवं. सुरुवातीचा पुसटसा धूर चालतो, पण निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय आणि एकसारखा पांढरा धूर म्हणजे इंजेक्टर किंवा कम्प्रेशनची कुरबूर. किल्ली फिरवल्यावर इंजिनचा दिवा आधी लागतो आणि मग विझतो याची खात्री करा, कारण लागतच नसेल तर कुणीतरी तो बंद केलेला असू शकतो. टर्बोच्या पाइपात ऑइलचा हलका ओलावा असतोच, डबकं नको. चौथ्या गियरवर कमी वेगातून पूर्ण पाय द्या. इंजिनाच्या फेऱ्या वाढल्या पण गाडी त्या मानाने पळाली नाही, तर क्लच संपला आहे. मल्टिजेटला टायमिंग चेन आहे, फोक्सवॅगनच्या दीड आणि १.६ लिटर टीडीआयला बेल्ट आहे. तो ठरलेल्या किलोमीटरला बदलल्याची पावती बघितल्याशिवाय बयाणा देऊ नका, कारण बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिनच उतरवावं लागतं. जीटी टीडीआय असेल तर सॉफ्टवेअरची रिकॉल दुरुस्ती झाली का तेही विचारा. किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास न ठेवता कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून इतिहास काढून घ्या. दीड लाख किलोमीटर हायवेवर चाललेली, वेळेवर ऑइल बदललेली गाडी ही साठ हजार शहरात रखडलेल्या गाडीपेक्षा चांगली निघते, हे बहुतेक फिटर तुम्हाला सांगतील.

दिल्लीची गाडी स्वस्तात मिळते म्हणून उडी मारू नका. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या आदेशामुळे तिथे दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांवर गदा आली आणि त्यातल्या बऱ्याच गाड्या एनओसी घेऊन इतर राज्यांत आल्या. इथे आणल्यावर रस्ताकर पुन्हा भरावा लागतो आणि नोंदणी बदलावी लागते, त्यात स्वस्ताई बरीचशी संपते. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे तपासणी करून आणि पर्यावरण कर भरून ती पाच वर्षांनी वाढते. २०१३ची गाडी आज घेत असाल तर हा खर्च दारात उभा आहे असं समजा. सुटे भाग मल्टिजेटचे सहज मिळतात, कारण त्या इंजिनाच्या गाड्या गल्लोगल्ली आहेत. पुंटोच्या बॉडीचे, आतल्या सजावटीचे भाग शोधावे लागतात. पोलोचे मिळतात पण महाग. फिगोचे फोर्डने पुरवठा चालू ठेवल्यामुळे मिळतात, मात्र सर्व्हिस सेंटर जवळ आहे का हे आधी बघा. इंजेक्टर, टर्बो आणि क्लच-फ्लायव्हील यांपैकी दोन एकदम गेले तर वर्षभराची डिझेलची बचत एका बिलात जाते. म्हणून जुन्या गाडीच्या किमतीत पन्नास-साठ हजार रुपये दुरुस्तीसाठी बाजूला काढूनच सौदा करावा.

घरात आधीच अशी गाडी असेल तर तिला सांभाळायला फार काही लागत नाही. इंजिन ऑइल गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या प्रतीचंच घाला आणि मुदतीच्या थोडं आधी बदला. डिझेल फिल्टरमधलं पाणी दर सर्व्हिसला काढून घ्या, खात्रीच्या पंपावर भरा आणि टाकी तळाला जाऊ देऊ नका. घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता अर्धा मिनिट चालू ठेवा, टर्बोचं बेअरिंग दुवा देईल. चौथ्या-पाचव्या गियरवर १,२०० फेऱ्यांवर गाडी ओढण्याची काटकसर करू नका. त्यात इंधन वाचत नाही, क्लच आणि माउंटिंग मात्र हादरतात. या इंजिनांना १,८०० ते २,५०० फेऱ्यांमध्ये ठेवलं की ती खूशही राहतात आणि अ‍ॅव्हरेजही तिथेच मिळतं.

वर्षाला पंधरा हजार किलोमीटरच्या वर, त्यातले निम्मे तरी मोकळ्या रस्त्यावर आणि घाटांत, आणि हाताशी डिझेल कळणारा, स्कॅनर असलेला मेकॅनिक, या तीन अटी पूर्ण होत असतील तर नवी आल्ट्रोझ किंवा नीट राखलेली फिगो बिनधास्त घ्या. पहिली पसंती मी आज जुन्या बाजारातल्या २०१६नंतरच्या फिगोला देतो. पोलो जीटी टीडीआय त्याने घ्यावी, ज्याला तिचा खर्च परवडतो आणि ज्याच्या मागच्या सीटवर रोज कुणी मोठं माणूस बसत नाही. पुंटो त्याने, ज्याच्या ओळखीचा फियाटवाला फिटर अजून दुकान उघडतो. आणि ज्यांच्याकडे यातली एखादी गाडी चालू स्थितीत आहे, त्यांनी दलालाच्या पहिल्या बोलीला ती देऊन टाकू नये. तशी नवी गाडी आता बनत नाही.